पंडिता रमाबाईंच्या शंका

धर्मांतर केलेल्या माणसाविषयीं लोकांच्या मनांत सामान्यतः दोन समजुती असतात. एक त्याच्या जुन्या समाजाची. त्यास कोणी तरी भुलविलें, फसविलें किंवा लालूच दाखविली, असें तो समाज म्हणतो. दुसरी समजूत त्याच्या नव्या समाजाची. त्याच्या सर्व शंका फिटल्या, त्याला सत्य सांपडलें, आतां विचारण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें हा समाज धरून चालतो. या दोन्ही समजुतींत एक गोष्ट समान आहे. धर्मांतराच्या दिवसानंतर त्या माणसाच्या मनाचें पुढें काय होतें, याची चौकशी दोघांपैकीं कोणीच करीत नाहीं. पुणें शहरानें ज्यांना १८८२ मध्यें डोक्यावर घेतलें आणि अवघ्या अकरा वर्षांत ज्यांच्याकडे पाठ फिरविली, त्या पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत मात्र ही चौकशी करण्यास भरपूर साधन आहे. त्यांनीं आपल्या शंका लपविल्या नाहींत. त्या पत्रांतून लिहिल्या, वादांत मांडल्या, आणि १९०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनांत त्यांचा हिशेबहि दिला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. पत्नीस त्यांनीं संस्कृत शिकविलें म्हणून त्यांच्याविरुद्ध ओरड झाली, आणि स्त्रियांस शिकविण्याला शास्त्राचा आधार आहे हें त्यांना पंडितांच्या सभेंत सिद्ध करावें लागलें. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत देशभर हिंडलें. दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां शास्त्रीबोवांनीं होता नव्हता तो पैसा व्रतें, दानें आणि अनुष्ठानें यांत घातला. उपास झाले, जप झाले, पाण्यांत उभें राहून प्रार्थना झाल्या. अन्न मात्र मिळालें नाहीं. थोड्याच महिन्यांच्या अंतरानें वडील, आई आणि वडील बहीण अशीं तिघें गेलीं. रमाबाईंच्या मनांत पहिली शंका उत्पन्न झाली ती येथें. शास्त्रांत सांगितलेलें सर्व यथासांग केलें असतां फळ कां आलें नाहीं? ही शंका कोणा मिशनऱ्यानें पेरली नव्हती. ती भुकेनें पेरली होती.

भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचल्या. तेथील पंडितांनीं त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना दिल्या. ख्रिस्ती धर्माचें त्यांना प्रथम दर्शन झालें तेंहि याच शहरांत, आणि तें मोठें गमतीचें होतें. एका ख्रिस्ती मेळाव्यास बहीणभाऊ निमंत्रणावरून गेलीं. प्रार्थनेची वेळ होतांच मंडळी उठलीं आणि खुर्च्यांकडे तोंडें करून गुडघ्यांवर बसलीं. हे लोक खुर्च्यांची पूजा करितात, असेंच त्या दोघांना वाटलें! गंमत बाजूस ठेविली तर या प्रसंगांतून एक गोष्ट दिसते. परक्याची उपासना बाहेरून पाहणारास नेहमींच थोडीशी हास्यास्पद वाटते. पुढें ख्रिस्ती लोकांनीं रमाबाईंच्या आचारांकडे पाहिलें तेव्हां त्यांचीहि गत याहून फारशी वेगळी झाली नाहीं.

कलकत्त्यांतच केशवचंद्र सेन यांनीं वेद वाचण्याविषयीं त्यांना सुचविलें आणि एक प्रत हातीं दिली. स्त्रीनें वेद वाचावा कीं नाहीं, असा त्यांच्या मनांत प्रथम संकोच होता. स्त्रियांपुढें व्याख्यानें देण्यासाठीं त्यांनीं धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळले, आणि इतर सर्व बाबतींत एकमेकांस खोडून काढणारे हे ग्रंथ स्त्रिया व शूद्र यांना कमी लेखण्याच्या बाबतींत मात्र एकमत आहेत, असें त्यांना आढळलें. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलांशीं नोंदणीपद्धतीनें विवाह केला. विवाहित आयुष्यांत आसाम प्रांतीं असतांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं पडली व ती त्यांनीं आवडीनें वाचली. परंतु १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें वारले, आणि कडेवर मनोरमा ही लहान मुलगी घेऊन त्या महाराष्ट्रांत आल्या.

पुण्यांत त्यांचें स्वागत झालें. आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक निघालें, हंटर कमिशनपुढें त्यांची साक्ष झाली. याच काळांत पंचहौद मिशनमधील वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचा परिचय झाला, आणि नेहेम्या गोऱ्हे यांची गांठ पडली. गोऱ्हे हे स्वतः काशींत वाढलेले चित्पावन शास्त्री. ख्रिस्ती मताचें खंडन करावयास निघाले आणि १८४८ मध्यें ख्रिस्ती झाले. रमाबाई १८८३ मध्यें वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास निघाल्या तेव्हां ख्रिस्ती होण्याचा आपला विचार नाहीं, असें त्यांनीं पुण्याच्या स्नेह्यांना सांगितलें होतें. तिकडे गेल्यावर लंडनमध्यें फुलहॅम येथें भगिनींनीं चालविलेला एक आश्रम त्यांनीं पाहिला. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथें मायेनें शुश्रूषा होत होती. आपल्याकडे अशा स्त्रीला कोणी दारांत उभें करीत नाहीं, आणि या बायका हें कां करितात, असा त्यांनीं प्रश्न केला. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची कथा सांगण्यांत आली. बुद्धीचें समाधान गोऱ्ह्यांच्या पत्रांनीं झालें, हृदयाचें या कथेनें झालें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें माय-लेकींनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनीं त्याच वर्षीं वाँटेजमध्यें आत्महत्या केली होती. तेव्हां हा निर्णय सुखाच्या वातावरणांत झालेला नव्हता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

येथें कथा संपली असें कोणास वाटेल. वास्तविक ती येथून सुरू होते. बाप्तिस्म्यानंतरचा पहिला प्रश्न अधिकाराचा होता. चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयांत डोरोथिया बील या विदुषींच्या हाताखालीं रमाबाई शिकत होत्या. कानांनीं नीट ऐकूं येत नसल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला होता. त्यांनीं तरुण पुरुषांना हिंदी भाषा शिकवाव्यात, अशी सूचना निघाली. हें हिंदुस्थानांतील बिशपांच्या कानीं जातांच त्यांनीं विरोध केला. स्त्रीनें पुरुषांना शिकविलें तर हिंदुस्थानांत तिचें वजन राहणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. रमाबाईंना याचा मोठा विस्मय वाटला. हिंदु असतांना त्यांनीं पंडितांच्या सभा जिंकल्या होत्या, पुरुषांनीं भरलेल्या मंडपांत पुराण सांगितलें होतें. वडिलांनीं अडविलें नाहीं, पतीनें अडविलें नाहीं. ज्या धर्मांत स्त्रीला मान आहे म्हणून त्या आल्या, त्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनीं आतां त्यांना पडद्याची आठवण करून द्यावी? ब्राह्मण पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें तें दुसऱ्या पुरोहितांचें जूं घेण्यासाठीं खास नव्हे, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. आपण ख्रिस्ताच्या मंडळींत आहों, परंतु धर्मगुरूंच्या मुखांतून निघेल तो प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेलीं नाहीं, हा त्यांच्या भूमिकेचा सारांश होता.

दुसरा प्रश्न याहून खोल होता. देव एक, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा हीं त्रिविध रूपें, हें तत्त्व त्यांच्या गळीं उतरेना. चमत्कारांविषयींहि त्यांना शंका होत्या. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे मतभेद पाहून हिंदु दर्शनांतील खंडनमंडनाची त्यांना आठवण होई. १८८५ सालचीं त्यांचीं पत्रें या वादानें भरलेलीं आहेत. जें आपल्यालाच उमगलेलें नाहीं तें चार वर्षांच्या मनोरमेस शिकवूं नये, असाहि त्यांनीं आग्रह धरिला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना हा सर्व गर्वाचा प्रकार वाटला. धर्मांत बालकाप्रमाणें नम्र व्हावें, चर्चचें ऐकावें, समजूत मागाहून येईल, असें त्यांचें मत. बीलबाईंची रीत निराळी होती. प्रश्न विचारणाऱ्या मनाला दटावून उपयोग नाहीं, त्याच्याशीं विचारच केला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें आणि लांबलचक पत्रें लिहून वाद चालविला.

सिस्टर जेराल्डीन यांच्यावर अन्याय होतां कामा नये. परक्या देशांत, परक्या हवेंत रमाबाईंना व त्यांच्या मुलीला त्यांनीं आईच्या मायेनें सांभाळलें, आणि वादांतहि हा स्नेह तुटला नाहीं. त्यांचा मुद्दाहि पोकळ नव्हता. प्रत्येक गोष्ट बुद्धीला पटल्यावरच मानावयाची, तर श्रद्धेला जागा उरते कोठें? आजारी मनुष्य औषधाचें रसायन समजल्याशिवाय घोट घेणार नाहीं म्हणेल, तर वैद्यानें काय करावें? परंतु रमाबाईंच्या बाजूनेंहि एक प्रश्न उभा राहतो. ज्या बुद्धीच्या साहाय्यानें जुन्या शास्त्रांची छाननी केली, ती बुद्धि नव्या शास्त्राच्या उंबरठ्यावर काढून ठेवावी असें कोण सांगणार? आणि ती तेथें काढून ठेविली, तर जुनें सोडण्याचा आपला निर्णय तरी बरोबर होता हें कशावरून? या दोन मुद्द्यांची ओढाताण प्रत्येक धर्मांतील विचारी माणसाच्या वांट्यास येते. रमाबाईंच्या बाबतींत ती कागदावर उतरली, एवढाच विशेष.

तिसरा प्रश्न रोजच्या ताटांतला. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण मांसाहारी झाल्या नाहींत. इंग्लंडच्या थंडींतहि त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं, आणि शेवटपर्यंत साधें पांढरें लुगडें नेसल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असाहि त्यांनीं एकदां वाद घातला. भगिनींच्या दृष्टीनें ह्या जुन्या जातीच्या खुणा होत्या. रमाबाईंच्या दृष्टीनें तें त्यांचें स्वदेशीपण होतें, आणि ख्रिस्तानें तें सोडावयास कधीं सांगितलें नव्हतें. यांतील क्षुल्लक काय व महत्त्वाचें काय, हें ठरविणें त्या काळीं सोपें नव्हतें. १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक आदि मंडळींपुढें चहाचे पेले आले, आणि त्यावरून पुण्यांत केवढें ग्रामण्य माजलें हें प्रसिद्धच आहे. जेथें एका चहाच्या पेल्यानें मनुष्य वाळींत पडे, तेथें जेवणाचा प्रश्न केवळ जिभेचा नव्हता. लक्ष्मीबाई टिळकांनीं आपल्या ‘स्मृतिचित्रां’त हाच प्रश्न आंतून दाखविला आहे. पति नारायण वामन टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले. पुढें लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास गेल्या तरी सोवळें, पाणी, चूल हीं वेगळीं होतीं. जातिभेद देवानें केलेला नाहीं, हें त्यांना पटलें तें त्यांच्या स्वतःच्या विचारानें, आणि त्यानंतर १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागून बायको, असा हा प्रकार नव्हता.

अमेरिकेंत जाऊन, व्याख्यानें देऊन, ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हें पुस्तक लिहून रमाबाईंनीं विधवांच्या शिक्षणासाठीं मदत मिळविली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि १८९० च्या नोव्हेंबरांत तें पुण्यास आलें. मुलींना धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, प्रत्येकीनें आपापला धर्म पाळावा, असा करार होता. याच सुमारास रमाबाईंच्या स्वतःच्या मनांत मोठा पालट झाला. १८९१ मध्यें, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त वाचीत असतां, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाहीं, असें त्यांना जाणवलें. बाप्तिस्म्याला तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं! ज्यांच्या नांवापुढें ‘ख्रिस्ती’ हा शब्द लागून इतकीं वर्षें लोटलीं, जगानें ज्यांची ख्रिस्ती म्हणून निंदा-स्तुति केली, त्यांनीं ही कबुली देणें सोपें नव्हे. मतें पटणें आणि मन शांत होणें यांमध्यें केवढें अंतर असूं शकतें, हें त्यांनीं आपल्याच उदाहरणानें सांगितलें. आणि हें अंतर वादानें तुटलें नाहीं. आपल्या असहायतेच्या जाणिवेनें तुटलें.

पण एकाच्या मनाला मिळालेल्या शांतीनें दुसऱ्याच्या घरांत अशांति उत्पन्न होऊं शकते. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि दार उघडें ठेवीत. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, कोणावर सक्ति नाहीं, कोणाला उपदेश नाहीं. इतर मुली आपल्या देवांची पूजा करितात तशी आपल्यालाहि आपली उपासना उघडपणें करण्याची मोकळीक हवी. पुण्यांतील पालक व पुढारी यांचें म्हणणें निराळें होतें. अन्न, वस्त्र, विद्या आणि माया जिच्याकडून मिळते, तिच्या उघड्या दारांत निराधार मुलगी ओढली जाणारच. येथें सक्ति नसली तरी ओढ आहे, आणि ती करारांत बसत नाहीं. ‘केसरी’नें कडक टीका केली. १८९३ मध्यें रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि वीसपंचवीस मुली काढून नेण्यांत आल्या.

आतां इतक्या वर्षांनीं या वादाकडे पाहतां कोणाचेंहि म्हणणें सर्वस्वीं खोटें ठरवितां येत नाहीं. कांहीं मुली ख्रिस्ती झाल्या, ही गोष्ट खरी. शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाईंनीं त्याच १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला व त्या हिंदूच राहिल्या, ही गोष्टहि तितकीच खरी. अण्णासाहेब कर्व्यांनीं पुढें विधवांसाठीं केलेलें कार्य सर्वांस ठाऊक आहे. त्या कार्याच्या मागें उभ्या राहिलेल्या बयाबाईंचें शिक्षण या वादग्रस्त घरांत झालें होतें. आणखीहि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्या घरांतून या विधवा आल्या तेथें त्यांच्यासाठीं दुसरें कोणतें दार उघडें होतें? रमाबाईंच्या उघड्या दाराबद्दल जेवढी चर्चा झाली, तेवढी त्या बंद दारांबद्दल झाली नाहीं. उलट, स्वतःस झालेला आनंद लपवून ठेवणें हा अप्रामाणिकपणा, आणि तो उघड करणें हा विश्वासघात, असा पेंच श्रद्धावान माणसापुढें येतो तेव्हां केवळ हेतु शुद्ध असून भागत नाहीं, हाहि धडा या प्रकरणांत आहे. पुढें रमाबाईंनीं करारच बदलला. केडगांवचें मुक्तिसदन त्यांनीं उघडपणें ख्रिस्ती संस्था म्हणून चालविलें, आणि मग कोणाचा गैरसमज होण्याचें कारण उरलें नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. लहानपणीं स्वतः सोसलेली भूक त्यांनीं तेथें दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहिली, आणि सुमारें ३०० मुलींना आश्रय दिला. पुण्यास प्लेग होता, म्हणून सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगांवीं झोंपड्या उभारल्या. शेत, विहिरी, माग, छापखाना असें तेथें एक गांवच वसलें. १९०५ मध्यें तेथें प्रार्थनेची एक मोठी लाट आली. मुली एकदम मोठ्यानें प्रार्थना करीत, रडत, आपलीं पापें कबूल करीत. कांहीं मिशनऱ्यांनाच हा अतिरेक वाटला. रमाबाईंनीं त्याची बाजू घेतली. एके काळीं चमत्कारांवर शंका घेणाऱ्या पंडितेनें भावनेच्या या पुराला वाट करून द्यावी, हें पाहून कित्येकांना आश्चर्य वाटलें. परंतु इंग्लंडांतल्या रमाबाई आणि केडगांवच्या रमाबाई यांत एक धागा अखंड आहे. हिंदी माणसानें देवापुढें कसें उभें राहावें, हें दुसऱ्या देशाच्या शिष्टाचारानें ठरवूं नये, असें त्या तेव्हां म्हणत होत्या आणि आतांहि म्हणत होत्या.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनीं हातीं घेतलेलें काम या सर्वांवर प्रकाश पाडतें. बायबलाचें मराठी भाषांतर पूर्वींच झालेलें होतें. पण तें संस्कृतप्रचुर असल्यामुळें खेड्यांतील बाईस समजत नाहीं, असें त्यांना वाटे. म्हणून उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल साध्या मराठींत उतरवूं लागल्या. छपाईचीं कामें मुक्तिसदनाच्या स्त्रियांनीं केलीं. १९२१ मध्यें मनोरमा वारली. त्या दुःखांतहि काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचें निधन झालें, आणि १९२४ मध्यें तें बायबल प्रसिद्ध झालें.

जिच्या पांडित्याचें कलकत्त्याच्या पंडितांनीं कौतुक केलें, तिनें शेवटीं आपल्या भाषेंतून संस्कृत शब्द वेंचून बाहेर काढावे, यांत कोणास विरोध दिसेल. पण अनंतशास्त्र्यांनीं जें केलें तेंच त्यांच्या कन्येनें केलें. बापानें आपल्या पत्नीसाठीं बंद पोथी उघडली. लेकीनें दुष्काळांतून आलेल्या मुलींसाठीं दुसरी एक पोथी उघडली. पोथी उघडली म्हणजे वाचणारी प्रश्न विचारणार, हें या घराण्याला चांगलें ठाऊक होतें. पुण्यांतील किंवा कोठल्याहि सुशिक्षित घरांत, तें घर हिंदूचें असो वा ख्रिस्त्याचें, एखादी मुलगी जेवतांना आजीला विचारते, हें असेंच कां करावयाचें? त्या वेळीं ‘गप्प बैस’ म्हणावें, कीं बीलबाईंसारखें तिच्याजवळ बसून तिच्याशीं विचार करावा, हा निर्णय त्या घरानें घ्यावयाचा असतो. रमाबाईंना दोन्ही प्रकारचीं माणसें भेटलीं. दटावण्यानें त्यांची एकहि शंका गेली नाहीं, एवढें त्यांच्या पत्रांवरून निश्चित सांगतां येतें.